व्हर्लिनने घड्याळ पुढे केलं नाही

माझा भाऊ व्हर्लिन हॉक आधी हात उचलतो आणि मग तोंड उघडतो, असं गावात म्हणत. खोटं नव्हतं. आणि एप्रिलच्या शेवटी तर त्याच्या जवळही फिरकण्याची सोय नसे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सरकारी नियमाने सगळे लोक उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे करत. व्हर्लिन करत नसे. "गाईच्या कासेला विचारा किती वाजले ते," म्हणायचा. नवी वेळ म्हणजे शहरातल्यांना संध्याकाळी गोल्फ खेळता यावं म्हणून काढलेलं थेर, असं त्याचं ठाम मत. इंडियानातल्या आमच्या भागात जुन्या वेळेचे शेतकरी आणखीही होते, पण ते नुसते कुरकुरत. नवी वेळ मलाही सोसत नाही. झोपेतला तास कोणी काढून घेतला की आठवडाभर मी भांडी आपटते. पण भांडीच, माणसं नाही.

एका वर्षी दुधाची गाडी नव्या वेळेने आली तेव्हा व्हर्लिनच्या धारा चालू होत्या. ड्रायव्हर हसून म्हणाला, "काय म्हातारबा, घड्याळ झोपलं का तुमचं?" व्हर्लिनने कॅनचं झाकण उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. ड्रायव्हरचे पुढचे दात गोठ्याच्या फरशीवर पडले आणि त्या दिवशीचं दूध गटारात गेलं.

त्यानंतर दूध फुकट जाऊ नये म्हणून त्याच्या मुलाने, रॉयसने, गुपचूप गोठ्यातलं घड्याळ पुढे केलं. व्हर्लिनने त्याला फावड्याच्या दांड्याने बडवलं. खांद्याचं हाड मोडेपर्यंत. मध्ये पडलेल्या लॉर्नाला, म्हणजे माझ्या वहिनीला, मनगटावर फटका बसला. रॉयस बायकोला घेऊन टेकाडापलीकडे राहायला गेला, गावातल्या कारखान्यात लागला, नव्या वेळेने उठू-झोपू लागला. बापलेकांचं बोलणं बंद झालं.

दोन वर्षांनी लॉर्नाने व्हर्लिनला बजावलं, "शनिवारी माझा मुलगा या टेबलाशी बसला नाही, तर रविवारी मी इथे नसेन." ती कधी आवाज चढवत नसे, म्हणूनच तो घाबरला असावा. टेकाडाच्या अलीकडच्या उतारावर ओकचा एक जुना बुंधा होता, तो त्याच शनिवारी सुरुंगाने उडवायचं ठरलं होतं. रॉयसची पायवाट नेमकी तिथूनच. व्हर्लिनने माझ्यासमोर फोन लावला.

"दोनच्या आत टेकाड उतर. दोननंतर बुंधा उडवतोय." आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवला.

"नवे दोन की जुने दोन?" मी विचारलं.

"नवे. त्याचेच." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "कधीतरी कोणीतरी वाकायला नको?"

"अरे वा. आता एक गोल्फची टोपीही घे."

"गप बस, आयडेला."

लॉर्ना पाठ फिरवून रडत होती. मलाही त्याचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

शनिवारी नवे दोन वाजले. रॉयस आला नाही. व्हर्लिन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, परत आला, पुन्हा गेला. मग त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "नाही यायचं तर खड्ड्यात जाऊ दे," म्हणाला आणि दाणदाण पावलं आपटत निघाला. रागाच्या भरात त्याने बुंध्याखाली लागतात त्याच्या दुप्पट सुरुंगाच्या कांड्या ठासल्या.

आम्ही दोघी अंगणात होतो. तो वात पेटवून वळला आणि तेवढ्यात टेकाडावर रॉयस दिसला. लांब टांगा टाकत तो खाली उतरत होता. व्हर्लिन ओरडला, "मागे हो! मागे!" वारा आमच्याकडे वाहत होता, वर आवाज पोचला नाही. रॉयसला बापाचे वर केलेले हात तेवढे दिसले. त्यानेही हात वर केला आणि पळत येऊ लागला. व्हर्लिन त्याच्याकडे धावला. सरळ बुंध्याकडेच.

माती खाली बसली तेव्हा लॉर्ना किंचाळत उताराकडे पळत होती. व्हर्लिन गुडघ्यांवर होता, चेहरा सोललेला, कानांतून रक्त. रॉयसच्या छातीत ओकची ढलपी घुसली होती. व्हर्लिन ती दोन्ही हातांनी उपसत होता. मी त्याला मागे ओढलं तर मला त्याने ठोसा मारला आणि पुन्हा उपसू लागला. रॉयसचा जीव कधीच गेला होता.

थोड्या वेळाने रॉयसची बायको ग्वेन रस्त्याने गाडी घेऊन आली. हातात ॲपल-पायचं भांडं. ती तशीच उभी राहिली.

"पण अजून दोन कुठे वाजलेत?" ती म्हणाली. "रॉयस म्हणाला, पपांचे दोन म्हणजे आपले तीन. म्हणाला, आज त्यांच्या वेळेने जायचं, वाद नको."

व्हर्लिनने मान वर केली. "काय म्हणाली ती?"

त्याला ऐकू येत नव्हतं. मला ते त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. दोनदा.