शेण्यांच्या राशीमागं

परक्याच्या गोठ्यात शिरून कडब्यात खांद्यापर्यंत हात खुपसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. हणमंतनानांची आणि माझी पहिली भेट अशीच झाली. रहिमतपूरजवळ मामांच्या मळ्यावर मी चहा पीत होतो. पांढऱ्या मिश्यांचा एक उंच गृहस्थ आला, त्यानं पाणी मागितलं आणि ते यायच्या आतच गंजीत हात घातला. मामा काठी शोधायला लागले. "मोटारीचा पत्रा लागला वाटलं," नाना म्हणाले, "इळा निघाला." आणि शांतपणे तांब्या तोंडाला लावला.

नाना लष्करात गाड्यांचे मिस्त्री होते. सातारा-सांगलीत कुठल्या गोठ्यात, कुठल्या बंद गुऱ्हाळात जुनी मोटार पडली आहे, याचा त्यांना वास लागायचा. माझं कराडला टायरचं दुकान, म्हणून मलाही ओढत न्यायचे. आटपाडीकडे एका धनगराच्या परड्यात निळी मोटार सापडली. मागच्या सीटवर कोंबड्या उबवायला बसलेल्या आणि टपावर शेण्या वाळत घातलेल्या! नाना टपावरच्या शेण्या एकेक करून उतरवायला लागले. घरधनीण बिचारी म्हणाली, नुसती उभी होती म्हणून कोंबड्या बसवल्या. विट्यापर्यंत नाना अंगावरची कोंबड्यांची पिसं झटकत राहिले. मग म्हणाले, "गाडी मरत न्हाई गड्या. माणसं तिला इसरत्यात."

खरं तर ते एकच गाडी शोधत होते. त्यांचे वडील रहिमतपुरात एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. काळी गाडी, डाव्या मडगार्डला पोचा. नानांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं, यशवंतदादांनी, लहानपणी हँडब्रेक सोडला आणि ती चिंचेवर जाऊन आदळली. मार दोघांनी वाटून खाल्ला. पुढं डॉक्टर वारले, गाडी सांगलीकडं विकली गेली आणि वडील त्या दिवशी जेवले नाहीत. ती गावली की मी मोकळा, असं नाना म्हणायचे.

दादांचं नाव मात्र त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. नाना नोकरीत असताना एकदा रजेवर आले आणि बांधावरच्या बाभळीवरून दोघांचं बिनसलं. बोलणं तुटलं ते तुटलंच. मळ्यात दोघांच्या शेडची भिंत एक, दारं दोन दिशांना. नाना त्या दाराकडं चुकूनही बघत नसत. मी एकदा समेटाचं काढलं तर माझ्यावरच डाफरले. म्हटलं, मरो, आपल्याला काय करायचंय!

तोफांच्या आवाजानं त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळं ते बोलत नसत, ओरडत. रविवारी त्यांच्या शेडमध्ये आम्ही हौशी मंडळी जमायचो आणि नाना धडे द्यायचे. गाडी ठोकळ्यांवर घ्या, हँडब्रेक ओढून ठेवू नका, उंदरांसाठी कडुलिंबाचा पाला टाका. शेवटी त्यांची स्वतःची युक्ती, जी मी दुसऱ्या कुठल्याच मिस्त्रीकडं पाहिली नाही. "सायलेन्सरच्या तोंडात मक्याचं मोकळं कणीस ठोका, आन् दर वर्षी बदला!" पार उसाच्या फडातल्या लोकांनाही ते पाठ झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात दादा वारले. आमच्याकडं भाऊबंद कितीही वैरी असो, मयताला येतोच, आणि सरणाला घरच्या शेण्या लागतात. त्या आणायला नाना पहिल्यांदाच दादांच्या शेडच्या दारातून आत गेले, मागोमाग मी. छताला टेकलेली शेण्यांची रास होती. पाटी भरता भरता नानांचा हात थांबला. शेण्यांच्या मागं काळा पत्रा दिसत होता. त्यांनी भराभरा आणखी शेण्या ओढल्या. डावं मडगार्ड. पोचा.

काखेत कळसा म्हणतात, पण इतका? नानांनी पोच्यावर तळवा टेकवला.

दादांच्या पत्नी, वहिनी, दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनीच सांगितलं. भांडणाच्या पुढच्याच उन्हाळ्यात, नाना नोकरीवर परत गेल्यावर, दादांनी तासगावकडच्या एका वीटभट्टीवरून ती ट्रॉलीत घालून, वर कडबा रचून आणली होती. "तुमी मागायला आला की द्यायची, म्हनायचे, भावजी. सोताहून सांगायला त्यांची मान वाकली न्हाई."

नाना अंग चोरून फटीतून आत घुसले. गाडी ठोकळ्यांवर होती. हँडब्रेक सैल होता. सीटखाली कडुलिंबाचा पाला होता. ते मागं जाऊन वाकले आणि त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोटं घातली. मक्याचं कणीस निघालं, त्याच सालचं. ते हातात धरून त्यांनी त्या सामाईक भिंतीकडं पाहिलं.

"ऐतवारी हितंच बसायचे," वहिनी म्हणाल्या, "भिंतीला टेकून."

नाना त्याच भिंतीला टेकून खाली बसले. एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून उठले, पाटी भरली आणि डोक्यावर घेतली.

त्यानंतर नाना गाड्या शोधायला कुठं गेले नाहीत. वहिनींनी सांगूनही ती गाडी त्यांनी बाहेर काढली नाही. रविवारी आम्ही अजून जमतो, फक्त आता दादांच्या शेडमध्ये. नाना धडे देतात, पण अगदी हळू. परवा एक नवा गडी म्हणाला, नाना, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही.

नाना मडगार्डवरचा पोचा फडक्यानं पुसत होते. "ज्याच्यासाठी वरडत हुतो रं," ते म्हणाले, "त्यो ऐकून गेला."