जिग्नेशच्या पॉइंट्सची भिशी

आमच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. रोज घरी येऊन रागारागाने सांगायचे, म्हणून ते साठत गेले. अनिल, म्हणजे माझा नवरा, ऐकून हसायचा आणि माझा पारा आणखी चढायचा. बहुतेक किस्से एकाच माणसाचे, जिग्नेशचे. बडोद्याच्या अलकापुरीतल्या आमच्या इंजिनीअरिंग कन्सल्टन्सीत तो परचेस बघतो आणि उरलेला सगळा वेळ क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स बघतो!

कुणाचाही केक असो, कुठलंही बिल येवो, जिग्नेश सगळ्यांच्या पुढे. "कार्ड हुं मारूं छुं, तमे मने यूपीआय करी दो!" म्हणजे कार्ड त्याचं, पैसे आपले आणि पॉइंट्स त्याचे.

*

चार वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर त्याने पॉइंट्सची भिशी काढली. मी, तो आणि ड्रॉइंग सेक्शनचे देवधरकाका. तिघांचा किराणा, विमा, फ्रिज, सगळं त्याच्या कार्डावर. दोन वर्षांतून एकदा एकाचा नंबर, आणि त्याला साठलेल्या पॉइंट्सवर विमानात बिझनेस क्लासची सीट. आडवं होऊन झोपायची!

बडोद्यात साड्यांची भिशी चालते, सोन्याची चालते, मग ही का नाही चालणार? काका म्हणाले, "नीलिमा, वाडीतल्या घरातून मी फक्त ऑफिसपुरता बाहेर पडतो. मला कशाला विमान?" पण तेही सामील झालेच.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिली जिग्नेशची, दुसरी माझी, तिसरी काकांची. दोन वर्षांनी जिग्नेश सिंगापूरला जाऊन आला आणि सहा महिने आम्हाला सीटचेच फोटो दाखवत होता. सिंगापूरचा एकही नाही!

*

शुक्रवारी आम्ही कोपऱ्यावर सेव उसळ खायचो. गाडीवाला कार्ड घेत नाही. म्हणून भर मे महिन्यात जिग्नेशने आम्हाला उन्हातून चालवत एका कॅफेत नेलं. तिथे मिळालं थंडगार, चामट सँडविच.

काका चावता चावता म्हणाले, "जिग्नेश, यात माझे दात गेले तर डेंटिस्टचं बिलही तुझ्याच कार्डावर ना?"

जिग्नेशने फोन काढला आणि डेंटिस्टवर किती पॉइंट्स मिळतात ते खरंच बघितलं!

*

मग अनिलच्या मणक्याचं ऑपरेशन आलं. मी हॉस्पिटलच्या काउंटरपाशी कार्ड घेऊन उभी होते. मागून जिग्नेश आला, घरचा डबा घेऊन. मला रडूच आलं. म्हटलं, माणूस सोन्यासारखा आहे.

त्याने माझं कार्ड बाजूला सारलं, आपलं पुढे केलं आणि क्लार्कला विचारलं, "भाई, हॉस्पिटल उपर पॉइंट डबल मळे छे के नहीं?"

शेजारून स्ट्रेचर चाललं होतं. स्ट्रेचरवर अनिल होता! मी तेव्हा त्याचंच कार्ड चालू दिलं, याचा मला आजही संताप येतो.

*

त्या ऑपरेशननंतर अनिलला अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही. यंदा भिशीत माझा नंबर होता आणि यंदाच टोरांटोहून लेकीचा फोन आला. बाळ येतंय, दोघंही या. डॉक्टर म्हणाले, "जा, पण इतके तास बसून नाही. आडवं होऊन."

मला स्वतःला काही नको होतं, मी मागे बसले असते. जातानाची एक सीट हवी होती, अनिलसाठी.

"बेन, टेन्शन नहीं लेवानुं," जिग्नेश म्हणाला. "व्हिसा आववा दो."

व्हिसा गुरुवारी आला. मी पेढे घेऊन ऑफिसात गेले, तर जिग्नेश रजेवर. सोमवारी उगवला. बँक एक तारखेपासून पॉइंट्सची किंमत अर्धी करणार होती, म्हणे. म्हणून त्याने ते वाचवले. कसे? स्वतः बिझनेस क्लासने अहमदाबाद ते दोहा जाऊन, आणि तसाच परत येऊन!

"मला एक फोन करायला काय झालं होतं?" मी इतकी ओरडले की सगळं ऑफिस उभं राहिलं.

"बेन, व्हिसा विना कोण बुक करे? पॉइंट वेस्ट जात ने!"

काकांनी विचारलं, "अरे, पण दोहात पाहिलंस काय?"

"बहार कोण नीकळे, काका? लाउंज तो अंदर हती!"

मी त्याला नाही नाही ते बोलले. माझ्या किराण्यावर तू झोपून आलास, असंही म्हणाले. त्यातला एकही शब्द मी परत घेणार नाही.

*

निघायच्या आदल्या दिवशी जिग्नेश घरी आला. मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. अनिलच्या हातात त्याने एक पिशवी दिली. बिझनेस क्लासमध्ये फुकट मिळालेले मोजे आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी, सील न फोडलेली. "अनिलभाई, तमारा माटे सांभाळी राख्युं छे."

मी ते फेकूनच देणार होते. अनिलने गुपचूप बॅगेत टाकलं.

विमानात तो फार थोडा बसला. बाकी सगळा वेळ मागच्या टॉयलेटपाशी उभा होता, सीटची पाठ धरून. टोरांटोला त्याला व्हीलचेअरवरूनच बाहेर आणावं लागलं. लेक धावत आली, तिने फोटो काढला. फोटोत अनिल कमरेत वाकलाय, हसतोय, अंगठा वर केलाय आणि पायांत जिग्नेशचे मोजे! तो फोटो त्याने मला न विचारता जिग्नेशला पाठवला. वर लिहिलं, "मोजे उबदार आहेत."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर तोच फोटो. खाली जिग्नेश, "भिशीनो बीजो नंबर पूरो! अनिलभाई आरामथी पहोंची गया. हवे काकानो वारो!"

म्हणजे दुसरा नंबर, माझा, पुरा झाला आणि आता काकांची पाळी! मी रागारागाने टाइप करायला घेतलं. तेवढ्यात देवधरकाकांचं उत्तर आलं.

"माझा पाय मोठा आहे, जिग्नेश. मोजे त्या मापाचे बघ."