शेजारच्या डोळ्यांची भेट

बाजाराच्या टोकाला, किल्ल्या करून देणाऱ्याच्या शेजारी, एका जिन्याखालच्या गाळ्यात रफूवाली वहिनी बसायची. कोटाला ठिणगी लागू दे की लोकरी शालीला कसर, वहिनी त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायची आणि भोक असं विणून काढायची, की ते कुठे होतं हे मालकालाच शोधावं लागे. हात सोन्याचा. डोळे मात्र तिचं ऐकत नसत.

लांब बघताना फारसं कळायचं नाही. पण काम जवळ धरलं, की उजवा डोळा हळूच बाहेरच्या बाजूला सुटायचा आणि एका सुईच्या दोन व्हायच्या. मग एक डोळा मिटून ती रेटायची. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. बारीक काम करणाऱ्या सगळ्यांचंच असं होत असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

तिचा बसचालक नवरा तर या डोळ्यामुळेच गळाला लागला होता. लग्नाआधी तो फाटका खिसा घेऊन आला, आणि ही पोरगी आपल्याकडे टक लावून बघतेय असं वाटून पुढे चांगले खिसेही फाडून आणू लागला. ती बिचारी सुई ओवत असायची.

"तुझ्या डोळ्याने मला फसवलं," तो चारचौघांत सांगे. "पण फसलो ते बरंच झालं."

वहिनी हसायची. फोटो काढताना मात्र मान वळवून उभी राहायची, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना नजर कापडातच ठेवायची.

मग एकदा गाण्याच्या मास्तरांचा कोट आला. कार्यक्रम तोंडावर होता. वहिनीने घाईने रफू केला, पण दोन-दोन दिसणाऱ्या धाग्यांत चुकीचा धागा उचलला गेला आणि सगळी वीण तिरकी गेली. मास्तर सज्जन माणूस. कोट उजेडात धरून म्हणाले, "नक्षी सुरेख आहे वहिनी. पण मी नक्षी सांगितली नव्हती."

तिने सगळं उसवून पुन्हा केलं, पण घरी आली ती तोंड पाडूनच. जेवताना सासूबाईंनी तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि हुकूम सोडला, "उद्या डोळ्यांचा दवाखाना. मी सोबत येते."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पेन्सिलीचं टोक वहिनीच्या नाकाकडे आणत नेलं. वाटेतच उजवा डोळा साथ सोडून बाहेर गेला.

"जवळचं बघायला दोन्ही डोळे एकदम आत वळावे लागतात," बाई म्हणाल्या. "तुमचा उजवा वळत नाही."

"दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी!" सासूबाई म्हणाल्या. "उगीच नाही म्हणत."

"नाही हो आजी, बघताना दोघांची रोज भेट होते. तुमच्या सुनेचा एक रुसलाय, एवढंच."

आधी व्यायाम दिला. पेन्सिल हातभर लांब धरायची, ती एकच दिसत राहील असं बघत नाकापर्यंत आणायची. घरात तिघंही पेन्सिली घेऊन बसू लागली. सासूबाईंना गरज नव्हती, पण सून एकटी चकणी दिसायला नको म्हणून. वहिनीचा ठणका थोडा कमी झाला, पण डोळा काही ऐकेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिरळेपणा जास्त आहे. ऑपरेशन करू या. डोळा आत ओढणारा स्नायू थोडा कापून आखूड करायचा आणि पुन्हा शिवायचा."

"म्हणजे ढगळ कपडा आत घेतात तसं?"

"अगदी तसंच."

"आणि जास्त आत घेतला गेला तर?"

"होतं कधी कधी. मग पुन्हा दुरुस्त करावं लागतं. पण नजरेला सहसा धक्का लागत नाही, आम्ही डोळ्याच्या आत शिरतच नाही. सुरुवातीला लांबचं दोन दिसेल, तेव्हा घाबरायचं नाही."

शिवणीतलं गणित वहिनीला पटलं. तरी भूल देताना तिने नर्सचा हात असा धरला, की त्यावर वळ उठले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डोळा टोमॅटोसारखा लाल. दारातून नवरा आत आला, आणि त्याच्या शेजारून आणखी एक.

"अहो, दोघं कशाला आलात?"

"अगं बाई!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मला एकालाच सांभाळताना नाकी नऊ आले!"

वहिनी इतकी हसली, की डोळा चुरचुरला आणि नर्स रागावली.

घरी आल्यावर ती रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहू लागली. कामावरून परतणारे दोन नवरे रस्त्याच्या वळणावर दिसायचे, एकाच चालीने यायचे आणि फाटकापाशी एकमेकांत मिसळायचे. काही दिवसांनी ते दिव्याच्या खांबापाशीच एक होऊ लागले. मग त्याच्याही पलीकडे.

"आज कुठे जुळलो?" तो खालूनच ओरडायचा.

"पिठाच्या गिरणीपाशी!"

शेजारीपाजारी चक्रावून बघायचे. आणि एके दिवशी वळणावरून एकच माणूस आला, जरा पोट सुटलेला, हातात टोपी. वहिनी खाली धावत गेली आणि भर रस्त्यात त्याच्या डोळ्यांत सरळ बघत उभी राहिली. एरवी जिभेला हाड नसलेला तो गडी तेव्हा लाजला.

गाळा पुन्हा उघडला. सुई एकच होती. धागा कापडाच्या वर उठून दिसत होता, त्याच्याखालची पोकळी कळत होती. इतकी वर्षं तिने हे चाचपून ओळखलं होतं, बघितलं आत्ताच.

पण खरी मौज निराळीच झाली. वहिनीला वाचनाचा नाद लागला. पूर्वी अर्ध्या पानातच ओळी एकमेकींवर चढायच्या. आता दर सुट्टीच्या दुपारी ती वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणते आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. सासूबाईंना प्रेमकथा लागतात, खून चालत नाहीत. दुसऱ्या प्रकरणात त्या घोरायला लागतात. वहिनी आवाज बारीक करते, पण थांबत नाही. नायिकेचं पुढे काय होतं, ते तिला स्वतःलाच कळायला हवं असतं.