नानांच्या गोळीचा नैवेद्य

आमचे नाना, म्हणजे माझे वडील मोरोपंत, देवासच्या मराठी मंडळींत एका कामासाठी प्रसिद्ध. लग्नात अंतरपाट धरावा तो त्यांनीच! मंगलाष्टकं म्हणणारे दमतील, पण नानांचे हात हलणार नाहीत. पार्किन्सनने तेच हात कापू लागले, तेव्हा दवाखान्यात त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आमच्या उर्वशीचा अंतरपाट कोण धरेल?" उर्वशी म्हणजे माझी मुलगी.

"आप ही पकडोगे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पर गोली टाइम पे."

इथेच घोडं अडलं. नैवेद्य झाल्याशिवाय नाना तोंडात पाणी घेत नाहीत, आणि त्यांची पूजा काही आटपत नाही. दुपारची गोळी 'आत्ता घेतो'मध्ये राहून जायची. मोबाइलचा गजर ते बंद करून जपाला बसत. मी चिडलो, ओरडलो. उपयोग शून्य.

मग माझ्या आईने, माईने, डोकं चालवलं. नाना काहीही नाकारतील, प्रसाद नाही. तिने वाटीत गोळी ठेवून गणपतीला दाखवली, घंटा वाजवली आणि वाटी नानांपुढे धरली. नानांनी निमूट तळवा पुढे केला! तेव्हापासून आमचा गणपती दिवसभर जेवू लागला. घंटा ऐकून रोज सणच आहे असं समजणारे शेजारचे गणोजी कुंपणावरून विचारत, "भिया, आज फिर कौन-सा तेवार?"

तरी थरथर कमी होईना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर देता? माई ऐटीत म्हणाली, "पंचामृताबरोबर!" बाईंनी कपाळाला हात लावला. दूध-दह्याबरोबर हे औषध नीट लागू पडत नाही म्हणे. आम्ही इतके हसलो की बाहेरचे पेशंट डोकावले. दुसऱ्या दिवसापासून पंचामृत गेलं, पाणी आलं, वर एक दूर्वा. हळूहळू नानांचे हात पुन्हा नानांचे दिसू लागले.

उर्वशीचं लग्न धारला होतं. वरात नाचता नाचता एवढी रेंगाळली की मुहूर्त टळायची वेळ आली. त्यात गोळीची वेळ झाली आणि नाना हट्टाला पेटले, "नातीवर अक्षता पडेपर्यंत तोंडात काही घालणार नाही." मी हात जोडले, पाय धरले. छे! वर्षभर जपलेला हात आता ऐन वेळी दगा देणार, या विचाराने मला रडूच यायला लागलं.

माईने पिशवीतून गोळीची वाटी आणि घंटा काढली, कार्यालयाच्या दारावरच्या गणपतीला वाटी दाखवली आणि घंटा घणाघणा वाजवली. बँड थांबला. आरती सुरू झाली समजून नवरदेवाचे मित्र चपला काढून हात जोडून उभे! एवढ्या लोकांत प्रसाद नाकारायचा कसा? नानांनी तळवा पुढे केला. त्यांचं पाहून मित्रांनीही केले. माईने त्यांना घाईघाईने खडीसाखर वाटली.

वरात पुन्हा नाचू लागली, आणि मीच बँडवाल्याला म्हणालो, "भिया, एक और बजाओ!" गोळी लागू पडायला वेळ नको का?

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाचं एक टोक नानांच्या हातात, दुसरं माझ्या. मुंडावळ्या बांधलेली उर्वशी खाली मान घालून हसत होती. आणि अंतरपाट थरथरू लागला. सगळ्यांच्या नजरा नानांकडे वळल्या. माई तर घंटाच शोधू लागली.

नानांचे हात स्थिर होते. थरथर माझ्या टोकाला होती. लेक जाणार म्हणून माझे डोळे इतके भरले होते की समोरचं काही दिसेना.

नाना माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "बापू, तुझी गोळी राहिली का रे?"