मधुरा, ब्रेक मारू नकोस!

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही हो. फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांसारखे ते मागे मागे साठत जातात आणि एक दिवस दार उघडलं की अंगावर येतात! परवा एका पार्टीत कुणीतरी सहज विचारलं, "विकेंडला काय करता तुम्ही?" मी म्हटलं, "ल्यूज करतो." समोरचे गृहस्थ हातातला समोसा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग काय बाप्पा, मी सुरूच झाले!

आधी ल्यूज म्हणजे काय ते सांगते. एका छोट्याशा स्लेडवर उताणं झोपायचं, पाय पुढे, डोकं मागे, आणि बर्फाच्या पन्हळीतून डोंगरावरून सुसाट खाली यायचं. मान उचलून बघायचं नाही. वळायचं असेल तर पोटऱ्यांनी स्लेड दाबायची. ब्रेक म्हणजे आपलेच दोन पाय! आणि हे सगळं करतोय कोण, तर अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातली आम्ही पन्नाशी ओलांडलेली मंडळी. मी शैला, मूळची नागपूरची. रिटायर झालेले जोशीकाका, पुण्याचे. आणि माझी मैत्रीण मधुरा. तिचा नवरा अनिलही यायचा, पण स्लेडला त्यानं कधी हात लावला नाही. ट्रॅकशेजारच्या खोलीत हीटरपाशी बसून तो आमच्या पिशव्या सांभाळायचा आणि थर्मासमधला चहा द्यायचा. बोलणं म्हणाल तर, "साखर?" एवढंच.

* * *

पहिल्याच दिवशी आमचा कोच डेव्ह म्हणाला, "या खेळात एकच गोष्ट महत्त्वाची. रिलॅक्स! खांदे सैल सोडा."

काका स्लेडवर इस्त्री केल्यासारखे सरळ पडलेले. डेव्ह म्हणाला, "सर, रिलॅक्स."

"आय ॲम रिलॅक्स्ड."

"नो सर, यू आर नॉट."

काका तिथूनच गरजले, "यंग मॅन, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी रिलॅक्स्ड आहे!"

त्यानंतर बराच वेळ दोघांचा वाद चालला. शेवटी काका होते तसेच राहिले, पण डेव्हचे खांदे मात्र कानाला जाऊन टेकले!

* * *

माझ्या वजनाबद्दल आजवर सासूबाई, डॉक्टर आणि साडीच्या दुकानातली बाई, सगळ्यांनी बोलून घेतलंय. डेव्हनं मला खालून वर न्याहाळलं तेव्हा मी मनाची तयारीच केली. तर तो म्हणाला, "एक्सलंट! ल्यूजमध्ये जड माणूस जास्त वेगानं जातो. बारीक लोकांना आम्हाला जाकिटात वजनं घालून पाठवावं लागतं."

मी उडालेच! घरी पोचायचा धीर नव्हता. गाडीतूनच मुलीला फोन लावला. "ऐक, कोच म्हणतो माझं वजन ॲसेट आहे!"

 मग बाईसाहेब म्हणाल्या, "मॉम, दॅट इज नॉट मेडिकल ॲडव्हाइस."

* * *

खंडेनवमीला काकांनी घरी स्लेडची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, सगळं साग्रसंगीत. हिवाळा सुरू झाला, आम्ही ट्रॅकवर गेलो आणि काकांना प्रश्न पडला, पूजा केलेल्या वस्तूला पाय लावायचे कसे? पण ल्यूजमध्ये पाय तर लावायलाच पाहिजेत! मग त्यांनी तोडगा काढला. झोपण्याआधी स्लेडला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा, मनात माफी मागायची आणि आडवं व्हायचं.

डेव्हनं हे लांबून दोन-तीनदा बघितलं. त्यानं शिट्टी वाजवून सगळ्या अमेरिकन मंडळींना गोळा केलं. म्हणाला, "बघा, मिस्टर जोशी निघण्याआधी स्लेड हातानं तपासून घेतात, मग हेल्मेट तपासतात. यापुढे सगळ्यांनी असंच करायचं!"

आता तिथे कुणीही खाली निघताना आधी स्लेडला नमस्कार करतो.

* * *

आता मधुराचं प्रकरण. तिला सगळ्यात वरच्या गेटवरून, ब्रेक न मारता, एकदा तरी खाली यायचं होतं. एकदाच! आणि घाई अशी की अनिलला दूर दक्षिणेकडच्या मॉरिसव्हिलच्या ऑफिसात बढती मिळत होती. उन्हाळ्याच्या आत घर हलवायचं होतं, आणि मॉरिसव्हिलला बर्फ पडला तर लोक फोटो काढायला बाहेर धावतात. म्हणजे हाच हिवाळा, पुढचा नाही. डेव्हचा नियम साधा होता, मधल्या गेटवरून एकदा ब्रेकशिवाय ये, मग वरून सोडतो. पण मधुरा पडली प्रोजेक्ट मॅनेजर. दर वळणाला तिला वाटायचं, एकदा थांबून आढावा घ्यावा! खर्रर्र, की पाय खाली.

परतताना गाडीत मी विचारलं, "मधुरा, खरं सांग, तुला जायचंय का मॉरिसव्हिलला?"

"त्याची बढती आहे गं. जायचंच," ती म्हणाली आणि लगेच तिसऱ्या वळणावर पाय कसा खाली गेला ते सांगायला लागली. सांगता सांगता तिचा आवाज ओला झाला. मी उगाच खिडकीबाहेर बघत बसले.

अनिल गाडी चालवत होता. हायवेवरून उतरायचा एक्झिट कधी म्हणजे कधी न चुकणारा माणूस, त्या दिवशी दोनदा चुकला.

* * *

मग आम्ही ठरवलं, मधुराला मदत करायची. मदत म्हणजे काय, आरडाओरडा! काका तिसऱ्या वळणाशी उभे राहिले. मधुरा सुसाट आली, काका ओरडले, "डावीकडे! डावीकडे दाब!" तिनं दाबलं आणि धाडकन भिंतीला आपटली.

नशिबानं फार लागलं नाही. खांदा चोळत ती उठली. "काका, डावं म्हणजे कुणाचं डावं?"

"माझं! ओरडतोय मी ना?"

डेव्हनं आम्हा दोघांना हात धरून खोलीत नेऊन बसवलं. म्हणाला, "तोंडातून एक शब्द नको."

* * *

झालं! मधुराची पुढची फेरी, आणि आम्ही दोघं खिडकीच्या काचेला नाक लावून चिडीचूप. काकांनी तर तोंडात बाकरवडी कोंबली होती. मधुरा निघाली. पहिलं वळण सुरेख. दुसरं त्याहून सुरेख. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तेवढ्यात खर्रर्र! भर ट्रॅकवर बाई उठून बसली.

डेव्ह धावला. "आर यू हर्ट? काय झालं?"

मधुरा घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "नोबडी इज शाउटिंग! काकांना काही झालं का?"

डेव्ह तिथेच बर्फावर बसला. मग उठला, खोलीचं दार उघडून आम्हाला म्हणाला, "ओके. ओरडा. काय वाट्टेल ते ओरडा. फक्त लेफ्ट नाही आणि राइट नाही!"

मग काय विचारता! पुढच्या फेरीला मी ओरडले, "मधुरा, तुझ्या कुकरची रिंग माझ्याकडेच राहिलीय!" काका ओरडले, "बाकरवडी संपली गं!" त्यांचं ऐकून शेजारची अमेरिकन मंडळीही "बाकरवडी! बाकरवडी!" करायला लागली. आणि त्या गदारोळात मधुरा अशी अलगद खाली उतरली म्हणता! पाय जरासुद्धा खाली नाही. डेव्हनं अंगठा दाखवला. पुढच्या शनिवारी वरचं गेट!

* * *

त्या शनिवारी ऊन पडलं होतं. डेव्हनं बर्फावर टाच मारून बघितली आणि म्हणाला, "मधुरा, एकच फेरी मिळेल. त्यानंतर या सीझनसाठी ट्रॅक बंद."

मधुरा स्लेड घेऊन वर गेली. काका वरच्या वळणाशी थांबले, मी अगदी खालच्या. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि अनिल बाहेर आला.

काका वरूनच ओरडले, "अरे, पिशव्या कोण बघणार?"

"राहू दे," असं म्हणत अनिल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात थर्माससुद्धा नव्हता.

डेव्हनं खालून शिट्टी मारली. मधुरा निघाली. बर्फावरून स्लेड घरघरत येत होती. काकांचं वळण गेलं. जिथे ती हमखास थांबायची, ते वळणही गेलं. मी कुकरबद्दल, कोथिंबिरीबद्दल, सुचेल ते ओरडत होते. शेवटचं वळण आलं. समोर फिनिश लाइन. बाई येते, बाई येते म्हणून मी उड्या मारायला लागले!

तेवढ्यात अनिलनं दोन्ही हात तोंडाशी धरले. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"मधू! मॉरिसव्हिलला मी नाही म्हणून कळवलंय! आपण कुठेही जात नाही!"

खर्रर्रर्र!

बर्फाचा चुरा आमच्या तोंडावर उडाला. स्लेड थांबली. फिनिश लाइन समोर, अगदी हात लांब केला असता तरी लागली असती!

"नो! नो! व्हाय?" डेव्ह डोकं धरून ओरडत होता. काका वरून घसरत, धडपडत आले. "अगं, आत्ता ब्रेक का मारलास? संपलं होतं सगळं! आता परत बर्फ कुठे मिळणार?"

मधुरानं दोघांकडेही बघितलं नाही. स्लेडवर बसल्या बसल्या तिनं हेल्मेट काढलं, कानावरचे केस मागे सारले आणि म्हणाली,

"अनिल, परत एकदा म्हण."