काळ्या पट्टीच्या पलीकडं

मंगळीला लेकीचा चेहरा आठवेनासा झाला. पूर्वा तापात गेली त्याला वीसेक वर्षं झाली होती. तिचा आवाज आठवे, केसांच्या तेलाचा वास आठवे, पण डोळे मिटले की चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. मंगळीनं धास्तीच घेतली. पोर एकदा गेली होती, आता दुसऱ्यांदा चालली होती.

घरात एकच फोटो होता, पाड्यावरच्या लग्नातला. रांगेच्या टोकाला मंगळी आणि तिचा पदर धरलेला पूर्वाचा इवलासा हात. बस्स. फोटो काढणारे दौलत केव्हाच वारले होते, पण त्यांचा मुलगा हरेश कामतघरला स्टुडिओ चालवतो, बापाच्या जुन्या फिल्म्स जपून ठेवतो, असं तिला कळलं. गोदामातली झाडलोट अर्धवट टाकून ती तिथं गेली.

"प्रिंट काढताना मशीन कडा थोड्या खाते, मावशी," हरेश म्हणाला. "निगेटिव्हमध्ये थोडं जास्त असेल."

त्या एका वाक्यावर मंगळी हेलपाटे घालत राहिली. अखेर फिल्म सापडली, नवी प्रिंट निघाली. हातामागून कोपर आलं, खांदा आला, केसांची बट आली, गालाची एक कड आली. तिथं फोटो संपला.

"कापलीस तू," मंगळी ओरडली. "माजी पोर कापलीस!"

"नाही हो, मावशी."

"मंग कुठं हाय ती? तुजा बाप फोटो काढत व्हता तवा माज्या बाजूलाच उभी व्हती!"

हरेशनं पुन्हा प्रिंट काढली, या वेळी फिल्मच्या कडा तशाच ठेवून. चारी बाजूंनी काळी पट्टी, वर-खाली भोकांची रांग.

"हे बघा. काळं लागलं, तिथं कॅमेऱ्याचं बघणं संपलं. पलीकडं काही नाहीच. बाबांनी एवढंच टिपलं."

मंगळीचं बोट गालावरून सरकत काळ्यावर गेलं आणि तिथंच थांबलं. बाहेर कापडाचे लूम खडखडत होते.

"म्हंजे ती कुठंच न्हाय."

"कॉम्प्युटरवर चेहरा बनवून देऊ का? तुमच्याच तोंडवळ्याचा?"

"कोनाची पोर चिकटवशील मला?" ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. हरेशनं पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "ही काळी कड काप."

"अहो, पण मी कापलं नाही याची तुम्हालाच खात्री हवी होती—"

"काप, दादा. कापलेला फोटो असला, तर उरलेला तुकडा कोनाकडं तरी असंल, असं वाटतं. या काळ्याम्होरं मी रोज कशी बसू?"

त्यानं पट्टी कापून टाकली.

ती घरी आली तेव्हा नवरा, धाकल्या, दारातच उभा होता.

"गावली का?"

"अर्धी गावली," मंगळी म्हणाली. "बाकीची त्याच्याकडं हाय. मंग देतो म्हनाला."

धाकल्यानं फोटो हातात घेऊन उजेडाकडं धरला. गालाच्या त्या कडेकडं तो पाहतच राहिला.

"बरं," तो म्हणाला, आणि खिळा शोधायला आत गेला.