सर्वांत वाईट विमानाचे वकील

विंग कमांडर सरांचा जीव जगातल्या वाईट विमानांवर जडलेला होता. चांगल्या लढाऊ विमानाविषयी कुणी विचारलं की ते हात झटकत. "त्याचं काय सांगू? ते उडून राहिलंय की." पण ज्याला वैमानिकांनी शिव्या घातल्या, जे पुस्तकांनी 'फसलेलं' म्हणून दोन ओळींत संपवलं, अशा एखाद्या विमानाचं नाव निघालं की सर खुर्ची पुढे ओढून बसत आणि घरातल्या एखाद्या बदनाम पुतण्याची बाजू मांडावी तसे बोलू लागत.

ते विंग कमांडर मुळीच नव्हते. हवाईदलात त्यांनी इंजिन फिटर म्हणून नोकरी केली होती आणि निवृत्तीनंतर लातूरला परतून एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले होते. पदवी मुलांनी दिली होती. सुरुवातीला ते समजावत, "कमांडर म्हणू नका रे. मी पाना फिरवणारा माणूस." पुढे त्यांनी तो नाद सोडला. जेटच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता. कुणी हळू बोललं की ते उजवा कान पुढे करून मुकाट उभे राहत. पुन्हा बोल, असं कधी म्हणत नसत. माझ्यासारख्या पुटपुटणाऱ्या मुलीला तो पुढे केलेला कान छडीपेक्षा कठीण वाटायचा.

आमची बॅच डी. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासचे फलक लागत होते आणि गुणांप्रमाणे मुलांच्या ए, बी, सी बॅचेस पडत होत्या. उरलेली मुलं डीमध्ये. आमच्यातली निम्मी औशाकडच्या भूकंपाच्या गावांतून आलेली होती. दहावीच्या वर्षी आमची शाळा पडली, घर पडलं, आणि अभ्यास पत्र्याच्या शेडमध्ये झाला. गुण त्या मानानं मिळाले. डी बॅचला खोली मिळाली होती डाळमिलच्या भिंतीला लागून. मिलचा पट्टा सुरू झाला की बाक थरथरत, आणि आम्ही सगळे काही न बोलता एकदम उठून दाराकडे जात असू.

पहिल्या दिवशी सरांनी हे पाहिलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला आणि आम्हाला भोवती उभं केलं. मिल सुरू झाली तसे पाण्यावर बारीक, एकसारखे तरंग उठले. "ही मोटार हाय. मोटारीची लाट शिस्तीत चालते. मोजा." आम्ही मोजलं. सेकंदाला किती कंपनं, पट्ट्याची पुली केवढी, याचं गणित त्यांनी त्याच दिवशी फळ्यावर करून घेतलं. शेवटी म्हणाले, पाणी काठावरून सांडलं तर आपण सगळे मिळून बाहेर जायचं, पहिला मी उठेन. तोवर कुणी उठायचं न्हाई. त्या आठवड्यानंतर कुणी उठलं नाही. भूकंपाविषयी सर आमच्याशी बोलले ते एवढंच.

गुरुवारचा शेवटचा तास कोर्टाचा असे. खटला एकच: जगातलं सर्वांत वाईट लढाऊ विमान कोणतं? एकानं आरोप ठेवायचा, दुसऱ्यानं वकिली करायची, आणि आकड्यांशिवाय तोंड उघडायचं नाही. डिफायंट नावाच्या ब्रिटिश विमानाला समोर मारा करणारी एकही बंदूक नव्हती, सगळ्या बंदुका वैमानिकाच्या पाठीमागच्या फिरत्या बैठकीत. कॉमेट या जर्मन रॉकेट-विमानाचं इंधन काही मिनिटांत संपायचं, आणि उरलेल्या थेंबांनी उतरताना स्फोट व्हायचा. अशा विमानांची बाजू घेण्यासाठी आम्ही गतीचे नियम, पंखांना मिळणारी उचल, दाब, सगळं उलटंपालटं करून शिकलो. ज्यानं या गुरुवारी आरोप केला त्यानं पुढच्या गुरुवारी त्याच विमानाची वकिली करायची, हा सरांचा नियम होता. "एका बाजूनं बघितलेलं इंजिन कधी उघडू न्हाई," ते म्हणत.

माझ्या वाट्याला आलं बफेलो. दुसऱ्या महायुद्धातलं बुटकं, पिंपासारखं अमेरिकन विमान. पॅसिफिकवरच्या लढायांत त्याची अशी वाताहत झाली की सगळ्या वाईट विमानांच्या यादीत त्याचं नाव ठरलेलं. सरांच्या लोखंडी पेटीत जुनी मासिकं आणि त्यांच्या हातची एक जाड नोंदवही होती. मी ती महिनाभर वाचत बसले. वाचणं मला जमायचं. बोलणं जमत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या चाचणीत डी बॅचचा निकाल घसरला. क्लासचे संचालक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, त्यांनी खोलीत येऊन सांगितलं की ही बॅच महिनाअखेर बंद होणार, खोली ए बॅचच्या जादा तासांना लागणार आहे. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. माझ्या वडिलांचं म्हणणं स्पष्ट होतं. ते वाईट माणूस नव्हते. शेडमध्ये आई आजारी होती आणि घरात एक बाई माणूस हवं होतं. क्लास चालू आहे तोवर शीक, बंद झाला की गावाकडं ये, असं ठरलेलं होतं. महिन्यातले बारा दिवस उरले होते.

विंग कमांडर सर मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, आणि कानामुळे ते मोठ्यानं बोलत, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं. त्यांनी विनवणी केली नाही. म्हणाले, पाठांतराच्या चाचणीत माझी पोरं हरली, कबूल. आता फिजिक्सच्या चाचणीत बघा. ए बॅचनं बफेलोवर आरोप ठेवायचा, डीनं वकिली करायची, निकाल बाहेरचा माणूस देईल. हरलो तर खोली रिकामी करतो आणि मीही जातो. मोठे सर हसले आणि हो म्हणाले. त्यांना त्यात क्लासची जाहिरात दिसली असावी.

सरांनी मग जे केलं त्याचा आम्हाला फार राग आला. त्यांनी ती नोंदवही आठवडाभर ए बॅचला देऊन टाकली. मी पहिल्यांदा त्यांच्याशी जरा चढ्या आवाजात बोलले, की हे बरोबर नाही. ते म्हणाले, "दोन्हीकडं एकच पाना पाहिजे बेटा. न्हाईतर जिंकून काय करशील?"

परीक्षक म्हणून नांदेडच्या कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक एसटीनं आले. ए बॅचच्या मोठ्या हॉलमध्ये मुलं खिडक्यांत बसली होती. ए बॅचचा पहिल्या नंबरचा मुलगा उठला आणि घडाघड बोलला. बफेलोचं वजन, पंखांचं क्षेत्रफळ, प्रत्येक चौरस मीटर पंखावर येणारं ओझं, सगळं फळ्यावर. एवढ्या ओझ्यानं हे विमान चढणार कधी, वळणार कधी? टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "डी बॅचनं आता पॅराशूट बांधावं."

मी उठले. पहिलं वाक्य माझं मलाच ऐकू आलं नाही. समोर पहिल्या रांगेत सर बसले होते. त्यांनी काही खुणावलं नाही. फक्त उजवा कान पुढे केला.

मी हॉलच्या शेवटच्या भिंतीला ऐकू जाईल असं विचारलं, "हे वजन कोणत्या बफेलोचं आहे?"

तो मुलगा गोंधळला. बफेलोचं, म्हणाला. मग मला कळलं काय झालं होतं ते. ए बॅचच्या झेरॉक्स नोट्समध्ये प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी एक आकडा चौकटीत असायचा, आणि तेच उत्तर असायचं. सरांच्या वहीतही पानाच्या शेवटी एक आकडा चौकटीत होता. तो होता सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात जड केलेल्या बफेलोचा. वरच्या तीन ओळींत आधीच्या, हलक्या बफेलोंची वजनं होती, ती ए बॅचनं वाचलीच नव्हती. पंख तेवढेच ठेवून त्या विमानावर चिलखत, इंधन, सामान चढवत नेलं होतं. मी वरच्या ओळीतला आकडा घेऊन तेच गणित पुन्हा केलं. मग फिनलंडची गोष्ट सांगितली. त्यांना हेच विमान मिळालं, हलकं, सुरुवातीचं, आणि इंजिनं तर प्रवासी विमानांतून काढलेली, जुनी. इंजिन तेलाचा त्रास देत होतं, तेव्हा तिथल्या मेकॅनिकांनी प्रत्येक सिलिंडरमधली एक पिस्टन रिंग उलटी बसवली. इंजिन सुधारलं. त्या बर्फाच्या देशात हे पिंप वर्षानुवर्षं आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या रशियन हवाईदलाला पुरून उरलं. मी म्हणाले, आरोप ठेवायचा तर ओझं चढवणाऱ्यावर ठेवा.

त्या मुलानं प्रामाणिकपणे फळ्यावरचा आपला आकडा खोडला. हे मी त्याच्या नावे कायम लक्षात ठेवलं आहे. प्राध्यापकांनी निकालासाठी वेळ घेतला नाही. त्यांनी मोठ्या सरांना एवढंच विचारलं की ही डी बॅच असेल तर डी कशावरून ठरवता? हॉल उसळला. आमच्या पोरांनी बाक इतके बडवले की शेजारची मिल बंद असूनही भिंती हलल्या, आणि त्या दिवशी दाराकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

खोली आमचीच राहिली. वडील न्यायला आले होते, त्यांना सरांनी चहा पाजला आणि दोन तास काय बोलले कोण जाणे. ते एकटेच परत गेले. मला वाटलं, आता सर शाबासकी देतील. पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, "चल, आता बफेलोवर आरोप ठेव."

त्या वर्षी डी बॅचमधलं कुणीही नापास झालं नाही. आम्ही तिघं इंजिनिअरिंगला लागलो, मी नांदेडला. मोठ्या सरांनी विंग कमांडरांना ए बॅच देऊ केली. "तिथं मी काय दुरुस्त करू?" म्हणून ते पुन्हा मिलच्या भिंतीशी जाऊन बसले आणि वय होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

सर गेले त्याला आता चार महिने झाले. त्याआधी अकरा दिवस मी त्यांच्याकडे गेले होते. अंथरुणावर होते, पण कान पुढे करायची सवय तशीच. इतक्या वर्षांत त्यांनी प्रत्येक विमानाची वकिली केली होती, स्वतःचं मत एकदाही दिलं नव्हतं. मी विचारलं, सर, आता सांगा, तुमच्या मते सगळ्यात वाईट कोणतं?

ते छताकडे पाहत म्हणाले, "जे हँगरमधून बाहेरच काढलं न्हाई, ते."

उत्तर सुंदर होतं. दुसरं कुणी असतं तर वाकून पाया पडलं असतं. पण मला त्यांनीच शिकवलं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "पुरावा कुठंय सर? जे उडालंच नाही, त्याला वाईट कशावरून म्हणता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, बोट वर झालं, आणि अर्ध्यावरून खाली आलं. मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आपल्या बायकोला, आमच्या चाचींना, घरच्या दखनीत ओरडून सांगितलं, "सुनी क्या? हारा मैं. अपनी डी बॅचकी पोरी हराई मेरेकू."

चाची पिठाचे हात घेऊन दारात आल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस वादात हरलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, खरंच का? सरांनी मान डोलावली, आणि हवाईदलातल्या एखाद्या मोठ्या पदकाकडे दाखवावं तसं माझ्याकडे बोट दाखवलं.